तुरुंग वाढवायचा होता, अडलं ते संडासाच्या पाण्यावर

माझं काम एसटीपीचं, म्हणजे सोसायट्या, हॉस्टेलं, छोट्या कंपन्या यांच्या सांडपाण्याच्या प्लांटची देखभाल. दर महिन्याला सॅम्पल लॅबला, ब्लोअरचा (टाकीत हवा फुंकणारं मशीन) बेल्ट तुटला की रात्री साडेअकराला फोन, असलं सगळं. त्यामुळे नव्या बिल्डिंगचा फोटो दिसला की लोक बाल्कनी बघतात आणि मी मनात हिशोब करतो की आत माणसं किती, माणशी पाणी किती आणि ते शेवटी जातंय कुठे. ही सवय इतकी वाईट आहे की लग्नाच्या हॉलमध्येही सुटत नाही, बायको वैतागते.

तर हे 'पर्यावरणपूरक तुरुंग', म्हणजे पाणी, वीज, कचरा वाचवणारे तुरुंग, हे प्रकरण मी वाचायला घेतलं ते खरं सांगायचं तर टिंगल करायच्या मूडमध्ये. तुरुंगाच्या छपरावर सोलर टाकलं, दारात चार झाडं लावली, झाला ग्रीन, असंच काहीतरी असणार असं वाटलं होतं. पण वाचता वाचता एक केस अशी निघाली की तिथलं सगळं कोडं माझ्याच धंद्यातलं निघालं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

जागा अमेरिकेतली. वॉशिंग्टन राज्य, म्हणजे व्हाइट हाउसवालं नाही, वर पश्चिम किनाऱ्याला सिअ‍ॅटल आहे ते. तिथे ऑलिंपिया ही राज्याची राजधानी, तिच्या नैऋत्येला लिटलरॉक नावाचं गाव आणि गावाच्या पुढे कॅपिटल स्टेट फॉरेस्ट हे सरकारी जंगल. त्या जंगलाच्या आत सीडर क्रीक करेक्शन्स सेंटर हा तुरुंग. १९५४ मध्ये जंगलातली एक छावणी म्हणून सुरू झालेला, म्हणजे दगडी बुरुज, दिंडी दरवाजा वगैरे काही नाही. ज्यांची शिक्षा संपत आलीये आणि ज्यांच्याकडून धोका कमी आहे असे साधारण ४०० पुरुष तिथे ठेवायचे, त्यांच्या तुकड्या वनखात्याबरोबर झाडं लावायला आणि वणवे विझवायला जायच्या. आपल्याकडच्या खुल्या कारागृहाच्या जवळ जाणारा प्रकार म्हणा. (आपल्याकडे ही कल्पना काही नवी नाही, आटपाडीजवळची स्वतंत्रपूर वसाहत औंध संस्थानाने १९३९ मध्येच काढली होती, पण तो विषय निघाला की मी भरकटेन.)

आता अडचण काय झाली ती बघा. राज्यातले तुरुंग भरले होते. इतके, की वॉशिंग्टनचे कैदी अ‍ॅरिझोना आणि मिनेसोटामधल्या खाजगी तुरुंगांत भाड्याने ठेवायची वेळ आली होती. त्यामुळे वरून सगळ्यांना एकच निरोप, जिथे जमेल तिथे खाटा वाढवा. सीडर क्रीकला जागा होती. जंगलच होतं सभोवती, बराक बांधायला किती वेळ लागतो, लाकडी सांगाडा उभा करायचा आणि पत्रे ठोकायचे. पण त्यांचा सांडपाण्याचा प्लांट होता तेवढ्याच माणसांचा. जंगलात असल्यामुळे गावाच्या ड्रेनेज लाइनला जोडून मोकळं होणं शक्य नव्हतं, जे काही तयार होईल ते तिथल्या तिथे शुद्ध करूनच सोडायचं. प्लांट मोठा करायचा तर खर्च दहा लाख डॉलरच्या वर जात होता.

इथे थोडं थांबतो, कारण हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. लोकांना वाटतं तुरुंग म्हणजे भिंत आणि कोठडी, वाढवायचा म्हणजे भिंत पुढे सरकवायची. पण तुरुंगातला माणूस चोवीस तास तिथेच असतो. आपण सकाळी घरातून निघतो, दिवसभर ऑफिसचा संडास वापरतो, दुपारी बाहेर जेवतो, सोसायटीच्या प्लांटला आपण निम्मेच असतो. कैदी पूर्ण असतो. तीनही वेळचं जेवण, त्याची भांडी, आंघोळ, सगळ्यांचे कपडे आणि चादरी धुणारी मोठी लाँड्री, सगळं एकाच पाइपातून एकाच टाकीत. आणि वेळा ठरलेल्या. सकाळची घंटा झाली की सगळे एकदम उठणार आणि एकदम फ्लश करणार. आपल्याकडे निवासी इमारतीसाठी माणशी १३५ लिटर रोज धरायची पद्धत आहे, अमेरिकन तुरुंगात हा आकडा सहज माणशी १०० गॅलनच्या पुढे जातो, म्हणजे ३७५-४०० लिटर! त्याला अजून शंभराने गुणा, म्हणजे शंभर खाटांची एक नवी बराक. रोजचं चाळीस हजार लिटर जास्तीचं सांडपाणी, चार टँकर. छोट्या प्लांटला हे झेपत नाही, एअरेशन टँकमधले, म्हणजे हवा फुंकायच्या टाकीतले, घाण खाणारे जिवाणूच वाहून जातात आणि पुढे ओढ्यात जातं ते काळं पाणी.

डॅन पाकोल्की हे तेव्हा सीडर क्रीकचे सुपरिटेंडेंट. पर्यावरणवाला माणूस अजिबात नाही, तुरुंगात साधा गार्ड म्हणून लागलेला आणि वर चढत गेलेला (पुढे २०१५ मध्ये अख्ख्या राज्याच्या तुरुंग खात्याचा प्रमुख झाला). मला ह्या केसमध्ये सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. ग्रीन व्हायचं म्हणून कोणी काही केलं नाही. पैसे नव्हते, प्लांट वाढणार नव्हता, माणसं मात्र येणार होती, तर आता काय करता? मग माणशी पाणीच कमी करा.

म्हणजे केलं काय, तर अगदी साध्या गोष्टी. कमी पाण्याचे फ्लश बसवले. शॉवर आणि नळांचा प्रवाह कमी केला. पावसाचं पाणी धरायची सोय केली, कारण तो भाग पावसाळी असला तरी त्यांचा पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा अगदी कोरडा आणि बागेला पाणी नेमकं तेव्हाच लागतं. स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं, सालं, ताटातलं उष्टं कंपोस्टला वळवलं आणि ते खत बागेत घातलं, बागेतली भाजी परत स्वयंपाकघरात. मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या. कचरा हाताने वेगळा करायला लागले. ह्यातलं बरंचसं काम आतल्याच लोकांनी केलं. आणि प्लांट न वाढवता खाटा वाढल्या.

बास. एवढीच गोष्ट आहे खरं तर, पण ती पचायला मला दोन दिवस लागले कारण आमच्या धंद्यात कोणी असं सांगत नाही. गिऱ्हाईक आलं की प्लांट लहान पडतोय, तर आम्ही मोठ्या प्लांटचं कोटेशन देतो, पोट त्याच्यावर आहे आमचं.

कंपोस्टचा आणि सांडपाण्याचा काय संबंध असं कोणाला वाटेल म्हणून माझाच एक किस्सा. एका हॉस्टेलचा प्लांट मी बघायचो, साडेतीनशे पोरं, मेस आतच. प्लांटला वास, वर तपकिरी फेस, बीओडीचा रिपोर्ट दर महिन्याला फेल. बीओडी म्हणजे सोप्या भाषेत त्या पाण्यातली घाण खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, जितकं अन्न पाण्यात जास्त तितका तो आकडा वर. ट्रस्टी म्हणाले नवीन ब्लोअर टाकू. मी एक दिवस दुपारी दीड वाजता मेसच्या मागे जाऊन नुसता उभा राहिलो. भांडी घासणाऱ्या मावशी दोन मोठी पातेली घेऊन आल्या, एकात उरलेली आमटी, दुसऱ्यात भाताची पेज, आणि दोन्ही सरळ मोरीत. मी विचारलं, रोज? तर म्हणाल्या, "मग काय डोक्यावर ओतू?" आमटी म्हणजे जिवाणूंच्या दृष्टीने संडासाच्या पाण्यापेक्षा कितीतरी जड जेवण. शंभर लिटर आमटी म्हणजे वसतिगृहात न दिसणारी अजून कित्येक पोरं. मग मोरीला जाळी लावली, दोन निळे ड्रम ठेवले, एका गोठेवाल्याला बोलावलं, तो संध्याकाळी ड्रम घेऊन जायला लागला. दीड महिन्यात रिपोर्ट पास. ब्लोअर जुनाच. अमेरिकेत तर किचनच्या सिंकखाली ग्राइंडर बसवून उष्टं दळून ड्रेनेजमध्ये सोडायची पद्धतच आहे, म्हणजे आमच्या मावशी जे हाताने करायच्या ते तिकडे मशीन करतं. म्हणून कंपोस्टची बादली ही तुरुंगात बागकामाचा छंद म्हणून येत नाही, ती प्लांटचा भार हलका करायला येते.

आता केसमधला दुसरा माणूस, आणि इथे मराठी वाचणारे जरा सावरून बसतील. नलिनी नाडकर्णी. आडनाव बघूनच मी परत वरून वाचायला लागलो. वडील भारतातून अमेरिकेत गेलेले, आई ब्रुकलिनची ज्यू. बाई जंगलाच्या शेंड्यांचा अभ्यास करणाऱ्या, म्हणजे झाडांच्या अगदी वरच्या फांद्यांवर दोर लावून चढायचं आणि तिथे काय काय जगतं ते बघायचं, ह्या विषयातलं जगातलं मोठं नाव. तेव्हा त्या ऑलिंपियाच्या एव्हरग्रीन स्टेट कॉलेजात शिकवत होत्या, सीडर क्रीकपासून फार लांब नाही.

त्यांना छळत होतं ते शेवाळ. वॉशिंग्टन-ओरेगॉनच्या जुन्या जंगलात झाडांच्या फांद्यांवर शेवाळाचे हे एवढाले गालिचे असतात आणि फुलवाले लोक ते ओरबाडून नेतात, बुके आणि टोपल्यांमध्ये खाली घालायला. एकदा ओरबाडलं की परत तसं वाढायला दशकं जातात, हे त्यांनी स्वतः मोजून बघितलेलं. मग त्यांना वाटलं, शेवाळ शेतीसारखं वाढवता आलं तर? पण ते कसं वाढवायचं हे कोणालाच माहीत नाही, म्हणजे प्रयोग करायला अशी माणसं हवीत ज्यांच्याकडे भरपूर वेळ आहे, रोज बघायची चिकाटी आहे, हातात धारदार हत्यार न देताही काम करता येईल आणि ज्यांच्या डोक्यात 'असं होत नसतं' हे आधीच भरलेलं नाही. अशी माणसं कुठे मिळणार? त्यांनी तुरुंगांना विचारायला सुरुवात केली. पाकोल्की हो म्हणाले. २००४ मध्ये सीडर क्रीकला एका छोट्या ग्रीनहाउसमध्ये शेवाळाचं काम सुरू झालं.

मला वाटलं होतं कैद्यांना नुसतं पाणी मारायला ठेवलं असेल. तसं नव्हतं. शेवाळाच्या जाती ओळखायला शिकवलं, लॅटिन नावांसकट, कुठली जात भराभर वाढते, किती पाण्याला किती, नोंदी वहीत. ज्यांनी आयुष्यात दहावीनंतर पुस्तक उघडलं नव्हतं ते जेवणाच्या टेबलावर शेवाळावरून वाद घालायला लागले. त्यातला एक जण सुटल्यावर पुढे पीएचडीच्या अभ्यासक्रमाला लागला. शिवाय दर थोड्या दिवसांनी एखादा शास्त्रज्ञ तुरुंगात येऊन भाषण द्यायला लागला आणि त्या भाषणांना गार्डही मागे उभे राहून ऐकायचे.

पाणी वाचवणं आणि शेवाळ वाढवणं ह्या दोन गोष्टी वरवर बघता वेगळ्या, पण मला त्या एकच वाटतात. कमी पाण्याचा फ्लश बसवणं सोपं आहे हो, तो टिकवणं अवघड. तुरुंगात कोणाला राग आला की पहिली गोष्ट काय करतात, कमोडमध्ये चादर कोंबतात आणि फ्लश दाबत राहतात, अख्ख्या मजल्यावर पाणी. हे जगभर चालतं. म्हणून हल्लीच्या मोठ्या तुरुंगांत फ्लशला इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असतो, ठरावीक मिनिटांत ठरावीक वेळाच दाबता येतो, जास्त दाबला तर तेवढा वेळ बंद. हा एक मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे त्या माणसाला त्या पाण्याशी काहीतरी देणंघेणं असणं. सीडर क्रीकला दुसरा सापडला, अर्धा अपघातानेच.

मग आले बेडूक. ओरेगॉन स्पॉटेड फ्रॉग, त्या भागातला एक ठिपक्यांचा बेडूक, पाणथळ जागा बुजवल्या आणि बाहेरून आलेले बुलफ्रॉग पिल्लं खायला लागले तशी जात संपत चाललेली. राज्याने धोक्यातली म्हणून आधीच नोंदलेली, केंद्र सरकारने २०१४ मध्ये. तर पद्धत अशी की वसंतात पाणथळीतून अंड्यांचे पुंजके आणायचे, सुरक्षित ठिकाणी टाक्यांमध्ये पिल्लं वाढवायची आणि खायला कोणाला सहजी सापडणार नाहीत एवढी मोठी झाली की शरदात परत नेऊन सोडायची. हे काम प्राणिसंग्रहालयं करत होती. २००९ पासून सीडर क्रीकच्या कैद्यांनाही दिलं.

तर कैद्यांनी वाढवलेले बेडूक प्राणिसंग्रहालयांतल्यापेक्षा मोठे निघाले. कारण एकदम साधं आहे. संग्रहालयातला कर्मचारी पाच वाजता घरी जातो, त्याला बाकीचे शंभर प्राणी असतात. इथे दोन माणसं, मोजक्या टाक्या, आणि दुसरं काही काम नाही. टाकी रोज साफ, पाणी रोज बघायचं, शेपट्या गळून पाय फुटले की त्यांना किडे लागतात म्हणून खाऊसाठी रातकिडेही तिथेच पैदास केलेले, म्हणजे बेडकांसाठी वेगळी पोल्ट्री. वजनं करून वहीत. मला त्या नोंदवह्यांचं फार कौतुक वाटतं, कारण आमच्या ऑपरेटर लोकांची लॉगबुकं मी बघतो, महिनाअखेरीला एकाच पेनने तीस दिवसांचं पीएच भरलेलं असतं, सगळीकडे ७.२.

आणि ते बेडूक सोडायचे कुठे, तर एका लष्करी तळाच्या हद्दीतल्या पाणथळीत. तुरुंगात वाढले आणि सैन्यात गेले!

२००८ च्या सुमाराला कॉलेज आणि तुरुंग खातं यांच्यात रीतसर करार झाला आणि हा कार्यक्रम राज्यातल्या बाकीच्या तुरुंगांत गेला. बेलफेअरजवळच्या महिला तुरुंगात टेलर्स चेकरस्पॉट नावाचं दुर्मीळ फुलपाखरू वाढवायला लागले, अ‍ॅबरडीनच्या स्टॅफर्ड क्रीकला माळरानावरच्या देशी गवताफुलांची रोपं, मन्रोच्या तुरुंगात गांडूळखताचा मोठा कारखानाच. नाडकर्णीबाई स्वतः २०११ मध्ये युटा विद्यापीठात गेल्या, काम चालू राहिलं. ह्यातलं प्रत्येक वेगळं प्रकरण होईल, इथे सोडून देतो.

कारण मला ह्याच राज्याची, ह्याच वर्षांतली दुसरी बाजू सांगायची आहे. सीडर क्रीक बादल्यांनी भार कमी करत होता तेव्हाच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, पूर्वेच्या कोरड्या भागात कॉनेल नावाच्या गावी एक अगदी वेगळा विस्तार चालू होता. कायोटी रिज. १९९२ पासून तिथे छोटा तुरुंग होता, त्याच्या शेजारी दोन हजारांच्या वर खाटांचा नवा कोराच कॅम्पस बांधायचा. आणि २००५ मध्ये वॉशिंग्टनने कायदा केला होता, अमेरिकेत पहिल्यांदा, की राज्याच्या पैशातून बांधलेली पाच हजार चौरस फुटांच्या वरची मोठी इमारत किमान लीड सिल्व्हर दर्जाची पाहिजे. लीड म्हणजे ती ग्रीन बिल्डिंगची सर्टिफिकेटं असतात ना, सर्टिफाइड, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, आपल्याकडेही पुण्या-मुंबईच्या आयटी पार्कांच्या लॉबीत काचेची तबकडी लावलेली असते ती. तर कायद्यातून तुरुंगांना सूट नव्हती.

कायोटी रिजने सिल्व्हरवर न थांबता गोल्ड मिळवलं, अख्ख्या कॅम्पसला गोल्ड मिळालेला अमेरिकेतला पहिला तुरुंग म्हणून त्याचं नाव झालं. आणि ते काम वाईट नव्हतं, मी उगाच नाक मुरडणार नाही. जिथे वर्षाला जेमतेम पंचवीस सेंटिमीटर पाऊस पडतो तिथे दोन हजार माणसांचं नवं गाव वसवायचं तर पाण्याचा थेंब न थेंब मोजायलाच लागतो, आणि अशा इमारतीत नैसर्गिक उजेड आत घेणं ह्याला विजेच्या बिलापलीकडे अर्थ असतो, कारण आतला माणूस वर्षानुवर्षं त्याच खिडकीसमोर असतो. बाहेर भाड्याने ठेवलेले कैदी राज्यात परत आले, घरच्यांना अ‍ॅरिझोनाला विमानाने भेटायला जायची गरज राहिली नाही.

पण हिशोब करणाऱ्या माणसाला एक गोष्ट खुपते. लीडच्या गुणपत्रिकेत पाण्याला गुण आहेत, विजेला आहेत, मटेरियल लोकल आहे का, सायकल लावायला जागा आहे का, सगळ्याला आहेत. आत माणसं किती असायला हवी होती ह्याला एकही गुण नाही. म्हणजे दोन हजार खाटांच्या तुरुंगात माणशी तीस टक्के पाणी वाचवलं तर गुण. आणि चौदाशेच खाटा लागतील असं काही केलं तर तेवढंच पाणी वाचेल, वर सिमेंट, स्टील, पहारा, जेवण, सगळं वाचेल, पण तबकडी कोणी देणार नाही.

ह्याचं उत्तर पुढच्या दोन-तीन वर्षांत राज्यानेच दिलं, मुद्दाम नाही. कायोटी रिज २००९ च्या सुमाराला पूर्ण भरायला लागला आणि २०११ मध्ये राज्याने मॅकनील बेटावरचा तुरुंग बंद केला. १८७५ पासून चालू असलेला, बेटावर असल्यामुळे माणूस, दूध, कचरा सगळं बोटीने न्यायचं, खर्च परवडेना. म्हणजे नवीन खाटा आल्या, जुन्या गेल्या. पुढे कोविडमध्ये कैद्यांची संख्या बरीच घटली आणि २०२३ मध्ये लार्च हा अजून एक छोटा, जंगलातला, सीडर क्रीकसारखाच तुरुंग बंद केला. खाटा रिकाम्या होत्या. २००४ साली ज्या खाटांसाठी एवढी धावपळ केली त्या वीस वर्षांच्या आत नको झाल्या. काँक्रीटचं आयुष्य मात्र साठ-सत्तर वर्षं असतं.

आता म्हणाल सीडर क्रीकनेही खाटा वाढवल्याच की. वाढवल्या. पण तिथे कायमचं असं कमी बांधलं गेलं. न बांधलेला एअरेशन टँक पुढे पाडावा लागत नाही. माझ्या मते ह्या केसमधला सगळ्यात मोठा पर्यावरणाचा फायदा तो टँक आहे जो कोणाला दाखवता येत नाही, बेडूक फोटोत चांगले दिसतात म्हणून पेपरात बेडूक येतात.

अजून एक खुपणारी गोष्ट लिहितो, नाहीतर हे सगळं फार गोड होईल. ही कामं करणाऱ्यांना मिळायचे तासाला एक डॉलरपेक्षाही कमी. बाहेर त्याच कामाला शास्त्रज्ञाचा मदतनीस म्हणून पगार, वर सर्टिफिकेट, अनुभवाचं पत्र. बाजूने बोलणारे म्हणतात की कोणावर जबरदस्ती नाही, उलट ह्या कामासाठी आत चढाओढ असते, बराकीत दिवसभर पडून राहण्यापेक्षा बेडकाची टाकी धुणं कोणीही पसंत करेल. खरंय. पण ज्याच्यापुढे पर्याय बराकीत पडून राहणं हा आहे त्याच्या पसंतीला किती वजन द्यायचं हा प्रश्न उरतोच. आणि जून २०२० मध्ये त्याच गोल्डवाल्या कायोटी रिजमध्ये कोविड असा पसरला की सुमारे अठराशे माणसं एकदम क्वारंटाइन करायला लागली. एका आवारात दोन हजार माणसं कोंडायची हा निर्णय ड्रॉइंगच्या आधीच झालेला असतो, पुढे खिडकीची काच कितीही चांगली बसवा.

आपल्याकडे हे वाचून काय घ्यायचं हा प्रश्न मला आमच्या एका कंत्राटदार मित्राने विचारला, त्याला सरकारी कामांचं बरं असतं. मी म्हटलं अरे, आधी आकडा बघ. देशातल्या तुरुंगांत चारातले तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे खटलाच संपलेला नाही, कित्येकांना जामीन मिळालाय पण जामिनाचे पाच-दहा हजार भरायला कोणी नाही. मुंबईच्या आर्थर रोडची मंजूर क्षमता हजाराच्या आत आणि आत माणसं तीन हजारांच्या वर अशी वर्षं गेलीत. ड्रेनेजची लाइन, संडासांची संख्या, पाण्याची टाकी, सगळं मंजूर क्षमतेवर काढलेलं असतं, डिझाइनच्या कागदावर तो तीनपट आकडा कुठेच नसतो. त्यावर सोलर टाका, पाणी रिसायकल करा, जरूर करा, पण हजाराच्या लाइनला तीन हजार माणसं जोडली की जगातला कुठलाही प्लांट तुंबणार. जामिनाचे अर्ज भराभर निघाले तर सांडपाणी किती कमी होईल ह्याचा हिशोब मी त्याला पाठीमागच्या कागदावर करून दाखवला. माणशी १३५ लिटरच धरलं तरी पाचशे माणसं कमी म्हणजे रोजचं साडेसदुसष्ट हजार लिटर. तो म्हणाला, "हे टेंडरमध्ये कुठल्या आयटममध्ये दाखवू?"

त्याच्याकडून निघालो ते त्याच रस्त्यावर ते हॉस्टेल लागलं म्हणून सहज मेसच्या मागे डोकावलो. मावशी बदलल्यात. निळा एक ड्रम आहे अजून, त्यात पाणी भरून ठेवलंय. मोरीवरची जाळी मात्र जाग्यावर नव्हती, विचारलं तर म्हणाले सारखी चोक होते, काढून ठेवलीये.